व्हायोलिन शिकताना भेटणारे शब्द: नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत दुसरीतली मुलं आहेत तसे बँकेतून निवृत्त झालेले काकाही आहेत. निम्म्यांना हिंदुस्तानी शिकायचंय, निम्म्यांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी), आणि सगळ्यांनी आधी यूट्यूबवर काहीतरी पाहिलेलं असतं. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत तेच ते प्रश्न येतात. दरवेळी व्हॉट्सॲपवर टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

थिअरी आत्तापासूनच लागते का? अजून बो (तारांवर फिरवायचा गज) सरळ चालत नाही.

लागते, पण वही भरून नाही. गिटारला पडदे असतात, हार्मोनियमला पट्ट्या असतात. व्हायोलिनच्या फिंगरबोर्डवर काहीही नसतं, काळी गुळगुळीत फळी. बोट कुठे टाकायचं हे डोक्यात स्पष्ट नसेल तर हात अंदाजपंचे फिरतो. म्हणून शब्द हवेत, पण प्रत्येक शब्द बोटाला किंवा बोला जोडून. ‘सेमिटोन’ची व्याख्या पाठ असूनही दुसरं बोट कुठे टेकायचं हे न सांगता येणारे विद्यार्थी मी पाहिलेत.

सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, असं सरळ धरलं तर चालेल?

नाही. नवशिक्यांच्या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं, म्हणून जरा सविस्तर.

सी, डी, ई, एफ हे पत्ते आहेत. ए म्हणजे एका ठरावीक उंचीचा आवाज, तो पुण्यातही तोच आणि लंडनमध्येही तोच. सा, रे, ग, म ही नाती आहेत. तुमचा सा कुठेही असू शकतो. एकदा तो ठरला की बाकीचे त्याच्यापासून मोजायचे. ‘मामा’ म्हटल्यावर ‘कोणाचा?’ हा प्रश्न येतोच, तसं ‘गंधार’ म्हटल्यावर ‘कुठल्या सा चा?’ हे यायला हवं.

हार्मोनियमवाल्यांची भाषा आपल्याला इथे उपयोगी पडते. आपण ‘पट्टी कोणती?’ विचारतो आणि उत्तर येतं ‘काळी एक’ किंवा ‘काळी पाच’. म्हणजे सा कुठे ठेवलाय त्याचा पत्ता. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, असं पुढे. पुरुष गायक बऱ्याचदा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. बंदिश तीच, सरगम तीच. हलतो तो पत्ता.

गोंधळ होतो कारण शाळेतली पेटी बहुधा पांढरी एकवरून शिकवतात. तिथे सा आणि सी खरंच एकाच पट्टीवर बसतात, आणि ते डोक्यात कायमचं चिकटतं. व्हायोलिनवर तर सी नावाची मोकळी (बोट न लावता वाजणारी) तारच नाही. आपण सुरुवात बहुतेक वेळा डी किंवा ए तारेवरून करतो, म्हणजे सा पांढरी दोनवर किंवा पांढरी सहावर.

मग गोव्याचे आमचे सर ए ला ‘ला’ का म्हणतात? ला म्हणजे ध ना?

तुमचे सरही बरोबर आणि तुम्हीही. डो, रे, मी, फा, सोल, ला, सी ही नावं दोन प्रकारे वापरली जातात. पोर्तुगाल, फ्रान्स, इटली इथे ती पत्ते म्हणून वापरतात: डो म्हणजे कायम सी, ला म्हणजे कायम ए. इंग्लंड-अमेरिकेत गाणं शिकवताना तीच नावं बऱ्याचदा आपल्या सरगमसारखी सरकती ठेवतात. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोर्तुगीज काळापासून सॉल्फेज (डो-रे-मीने स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, म्हणून तिथल्या जुन्या वादकांच्या तोंडी पत्त्याची पद्धत आहे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) याच गोव्यातले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत अशा गोवेकर वादकांचा मोठा भरणा होता, कारण कागद समोर ठेवला की ते वाजवू शकत. संगीतकार सरगममध्ये चाल सांगायचा आणि ती स्टाफवर उतरायची. म्हणजे नात्यांतून पत्त्यांत भाषांतर करणं हे तिथे रोजचं काम होतं. तुम्हालाही थोडंफार ते करावं लागणार आहे.

चार तारांची नावं काय आणि ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या ॲपवर) अक्षरापुढे आकडा का येतो?

जाड तारेकडून बारीक तारेकडे: जी, डी, ए, ई. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन.

आकडा सप्तकाचा. ट्यूनरवर जी ३, डी ४, ए ४, ई ५ दिसायला हवं. आपण मंद्र, मध्य, तार म्हणतो त्याच्या जागी पाश्चात्य लोक आकडे घालतात, फक्त त्यांचा आकडा दरवेळी सी पासून बदलतो आणि आपलं सप्तक सा पासून. हा आकडा बघाच. एका आजोबांनी नवीन ई तार लावली, ट्यूनरवर ई दिसलं, खूश झाले. प्रत्यक्षात ते ई ४ होतं, तार सैल लोंबत होती. उलट दिशेने चूक केली तर तार तुटून गालावर येते.

जाता जाता: सप्तक म्हणजे सात आणि ऑक्टेव्ह म्हणजे आठ, मग दोन्ही एकच कसे? मोजण्याचा फरक. ते वरचा सा धरून मोजतात, आपण तो पुढच्या सप्तकात टाकतो.

ए = ४४० म्हणजे काय?

ए तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावते. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी बसून ठरवलाय. काही ऑर्केस्ट्रा आजही ४४२ वर लावतात. घरी ४४० ठेवा. ॲपमध्ये चुकून ४३२ निवडलेलं असेल तर क्लासमध्ये तुमचं एकट्याचंच व्हायोलिन वेगळं बोलेल.

‘फिफ्थ’ आणि पंचम एकच का?

‘परफेक्ट फिफ्थ’ म्हणजे सा-प हे अंतर, हो. शेजारच्या कुठल्याही दोन तारांत हेच अंतर असतं. डी ला सा म्हटलं तर ए हा प. ए ला सा म्हटलं तर ई हा प. कंपनांचं प्रमाण २:३, म्हणून ४४० च्या वरची ई साधारण ६६० वर बसते.

बालवाडीतलं चांदणीचं इंग्रजी गाणं आठवा: सा सा प प ध ध प. मोकळी ए दोनदा, मोकळी ई दोनदा, ई वर पहिलं बोट दोनदा, परत मोकळी ई. नवशिक्यांना जगभर हेच आधी का देतात ते कळलं असेल. सुरातली सगळ्यात मोठी उडी बोट न लावताच मिळते.

कानाने ट्यूनिंग शिकायचं तेही यावरूनच. ए ट्यूनरवर लावा, मग ए आणि डी दोन्ही तारांवर एकदम बो फिरवा. थोडं चुकलं असेल तर आवाजात ‘वँव-वँव’ अशी लाट ऐकू येते. खुंटी किंवा फाईन ट्यूनर (तारेच्या दुसऱ्या टोकाचा छोटा स्क्रू) फिरवाल तशी लाट संथ होत जाते आणि एका क्षणी थांबते. ती थांबली की तार लागली. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, जानेवारीत सटकतात. त्यात तुमचा काही दोष नाही, ते लाकूड आहे.

हिंदुस्तानी शिकवणाऱ्या ताईंनी माझ्या तारा बदलून लावल्या. बिघडणार तर नाही?

नाही बिघडणार. जी-डी-ए-ई तशीच ठेवून डी ला सा मानलं तर मोकळ्या तारा म, सा, प, रे अशा येतात. काहीजण तसंच वाजवतात. पण राग वाजवताना म आणि रे सतत घुमत राहिले तर प्रत्येक रागाला ते मानवत नाहीत. मालकंसात तर रे वर्ज्यच. म्हणून बरेच वादक प-सा-प-सा लावतात: जी तार एक स्वर चढवून ए, डी आणि ए जागेवर, ई एक स्वर उतरवून डी. दक्षिणेत सा-प-सा-प ही मांडणी रूढ आहे.

गायकाच्या साथीला बसायचं तर सगळंच गायकाच्या पट्टीला न्यावं लागतं. गाणं काळी एकमध्ये असेल तर तुमची डी अर्धा स्वर उतरते, बाकीच्या तारा तिच्या मागे. त्या दिवशी ट्यूनरवर ‘सी शार्प’ दिसतं आणि तुम्ही मात्र त्याला निवांत सा म्हणता.

बैठकही बदलते: मांडी घालून बसायचं आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवायचं. त्यामुळे डावा हात धरून ठेवण्याच्या कामातून सुटतो आणि मींडेसाठी मोकळा होतो.

सेमिटोन, टोन म्हणजे किती? आणि फिंगरबोर्डवर बोटांच्या जागा दाखवणाऱ्या त्या रंगीत पट्ट्या चिकटवू का?

एका सप्तकाचे बारा समान तुकडे केले की एक तुकडा म्हणजे सेमिटोन. हार्मोनियमवर एका पट्टीवरून लगेच शेजारच्या पट्टीवर, मग ती काळी असो की पांढरी. दोन सेमिटोन मिळून एक टोन.

आता हे तारेवर बघू. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर खुंटीकडच्या नटपासून (तारा जिथे टेकतात ती छोटी कड) ब्रिजपर्यंत (तारांखालची लाकडी घोडी) तारेची लांबी साधारण ३२८ मिलिमीटर असते. डी तारेवर सा, शुद्ध रे, शुद्ध ग, शुद्ध म वाजवायचे. पहिलं बोट नटपासून जवळपास ३६ मिमीवर, दुसरं ६८ वर, तिसरं ८२ वर. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बोटात ३२ मिमीची फट, दुसऱ्या आणि तिसऱ्यात जेमतेम १४. ग आणि म यांच्यात सेमिटोन आहे, म्हणून ती दोन बोटं एकमेकांना चिकटतात. सेमिटोन म्हणजे बोटाला बोट, टोन म्हणजे मध्ये फट. बाकी काही विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक बघा: मोकळ्या तारेपासून पहिल्या बोटापर्यंत ३६ आणि पुढच्या तेवढ्याच टोनसाठी ३२. ब्रिजकडे जाऊ तसं अंतर आक्रसत जातं. वर गेल्यावर बोटं जवळ घ्यावी लागतात ती यामुळे.

पट्ट्या चिकटवायला हरकत नाही, पहिले सहा महिने. पण ही मापं पूर्ण व्हायोलिनची. मुलाकडे अर्धा किंवा पाऊण व्हायोलिन असेल तर तार आखूड, सगळं प्रमाणात कमी करायचं. (‘अर्धा’ हे नुसतं नाव आहे बरं का. तो लांबीला निम्मा नसतो.) एका आईने मोठ्या बहिणीच्या व्हायोलिनवरून मापं घेऊन धाकट्याच्या छोट्या व्हायोलिनवर पट्ट्या लावल्या होत्या. मूल प्रामाणिकपणे पट्टीवर बोट ठेवायचं आणि प्रामाणिकपणे बेसूर वाजायचं.

शार्प म्हणजे तीव्र आणि फ्लॅट म्हणजे कोमल, असंच ना?

अर्धं बरोबर, आणि म्हणूनच घातक.

शार्प म्हणजे त्या नावाचा स्वर एक सेमिटोन वर, फ्लॅट म्हणजे एक सेमिटोन खाली, नॅचरल म्हणजे दोन्ही चिन्हं रद्द. हे पत्त्यांबद्दल आहे. कोमल आणि तीव्र हे नात्यांबद्दल. हिंदुस्तानीत तीव्र होतो तो एकटा मध्यम. कोमल होतात रे, ग, ध, नि. सा आणि प हलत नाहीत.

आता डी ला सा धरून वर जाऊ: डी, ई, एफ शार्प, जी. तिसऱ्या जागी एफ शार्प आला. शार्प दिसला म्हणून तीव्र काहीतरी? छे, तो शुद्ध गंधार आहे. तिथे साधा एफ वाजवलात, म्हणजे दुसरं बोट मागे ओढून पहिल्याला चिकटवलंत, तर मिळतो कोमल गंधार, जरी कागदावर एफ पुढे कुठलंच चिन्ह नसलं तरी. आणि खरा तीव्र मध्यम? जी शार्प, म्हणजे डी तारेवर तिसरं बोट पुढे सरकवून.

सहावीतली एक मुलगी पेटी शिकून आलेली. कागदावर दोन शार्प बघून म्हणाली, ‘सर, हा यमन आहे ना? तीव्र आहेत.’ तिला म्हटलं, वाजव आणि ऐक. डीपासून डीपर्यंत वाजवून झाल्यावर तीच म्हणाली, ‘हे तर सगळे शुद्ध आहेत.’

एफ शार्प आणि जी फ्लॅट एकच का?

पेटीवर एकच पट्टी. व्हायोलिनवर अनुभवी वादक दोन्हींत केसाएवढा फरक करतात, स्वर कुठे निघालाय त्यावर: एफ शार्प जीच्या दिशेने ओढला जातो, तर जी फ्लॅट बऱ्याचदा एफच्या बाजूला झुकतो. तुम्ही सध्या एकच धरा. बावीस श्रुतींचा प्रश्नही याच पेटीत कुलूप लावून ठेवा, वर्षभराने काढू.

ओळीच्या सुरुवातीलाच शार्प काढलेले असतात, नंतर स्वरापुढे का नसतात?

त्याला की सिग्नेचर म्हणतात. सुरुवातीला एफ आणि सी च्या जागी शार्प असेल तर त्या ओळीतला प्रत्येक एफ आणि प्रत्येक सी शार्प वाजवायचा, कुठल्याही सप्तकातला. दर वेळी लिहीत बसत नाहीत. जी मेजरला एक शार्प (एफ), डी मेजरला दोन (एफ, सी), ए मेजरला तीन (एफ, सी, जी). व्हायोलिनची सुरुवातीची पुस्तकं याच तिघांत फिरतात, कारण इथे मोकळ्या तारा सा आणि प म्हणून हाताशी येतात.

मध्येच एखाद्या स्वरापुढे चिन्ह आलं तर ते ‘ॲक्सिडेंटल’. त्याचा अंमल त्याच सप्तकातल्या त्या स्वरापुरता आणि त्या बारच्या (दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या) शेवटापर्यंत. पुढची उभी रेघ आली की जुना कायदा परत लागू.

मेजर-मायनर म्हणजे आनंदी-दुःखी? आणि आपला थाट?

आनंदी-दुःखी हे सोडून द्या. भैरवी ऐकून नुसतं दुःख वाटत असेल तर आपल्याकडच्या मैफिली रडारडीवर संपल्या असत्या.

थाट म्हणजे सात स्वरांचा ठरावीक साचा. मेजर स्केलची अंतरं बिलावल थाटाची, सगळे शुद्ध. नॅचरल मायनर म्हणजे आसावरी थाट: ग, ध, नि कोमल. हार्मोनिक मायनर मात्र पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांत कुठेच बसत नाही. ग आणि ध कोमल, पण नि शुद्ध. आपण त्याला कीरवाणी म्हणून ओळखतो आणि ती दक्षिणेकडून आलेली आहे. परीक्षेच्या कागदावर मायनर आलं की नि कुठला आहे ते आधी तपासा.

पण स्केल म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार दोघांचे स्वर सा रे ग प ध. चलन वेगळं, वादी वेगळा, वेळ वेगळी. एक संध्याकाळचा, एक सकाळचा. स्केल ही स्वरांची यादी आहे. त्या यादीतून कुठे थांबायचं, कुठून वळायचं, हे राग सांगतो.

पाच रेघांवर मला काहीच दिसत नाही. पाठ कसं करू?

सुरुवातीचा वेलांटीसारखा आकार म्हणजे ट्रेबल क्लेफ. त्याचं वळण खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतं आणि ती रेघ जीची असते. इंग्रजी वाक्यं घोकण्यापेक्षा व्हायोलिनवाल्यांसाठी एक सोपी खूण आहे, जी मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली.

चारही मोकळ्या तारा घरांत (रेघांमधल्या किंवा रेघांखालच्या मोकळ्या जागेत) बसतात, रेघेवर एकही नाही. ई वरच्या घरात (खालून चौथं), ए दुसऱ्या घरात, डी पाच रेघांच्या अगदी खाली लोंबकळत, आणि जी त्याच्याही खाली, दोन छोट्या जादा रेघांच्या तळाला. आता बोटं मोजा: पहिलं बोट रेघेवर, दुसरं घरात, तिसरं रेघेवर, चौथं घरात. चारही तारांवर हेच. म्हणजे स्वर रेघेवर असेल तर बोट पहिलं किंवा तिसरं. घरात असेल तर मोकळी तार, दुसरं किंवा चौथं. फर्स्ट पोझिशनमध्ये हे कधीच चुकत नाही.

‘पोझिशन’ म्हणजे काय?

हात मानेवर कुठे आहे ते. फर्स्ट पोझिशनमध्ये डी तारेवर पहिलं बोट ई वर पडतं. थर्डमध्ये तेच बोट जीवर, म्हणजे आधी तिसरं पडायचं तिथे. पहिल्या वर्षी लागत नाही.

क्रॉचेट की क्वार्टर नोट?

एकच वस्तू, ब्रिटिश आणि अमेरिकन नावं. आपल्याकडच्या बोर्डांची परीक्षापुस्तकं ब्रिटिश, यूट्यूब बहुतेक अमेरिकन. सेमिब्रीव्ह (होल नोट) चार मात्रा, मिनिम (हाफ) दोन, क्रॉचेट (क्वार्टर) एक, क्वेव्हर (एट्थ) अर्धी. हे क्रॉचेटला एक मात्रा धरल्यावर. स्वरापुढे टिंब दिलं की त्याच्या निम्मं आणखी वाढतं, म्हणून टिंबवाला मिनिम तीन मात्रांचा. विश्रांतीलाही चिन्ह असतं आणि तीही मोजायची असते. नवशिके तिथे हमखास घाई करतात.

फोर-फोर म्हणजे त्रिताल का?

वरचा आकडा: एका बारमध्ये किती ठोके. खालचा: ठोका कशाचा, ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर.

फोर-फोरचे चार बार मिळून सोळा मात्रा होतात आणि त्रितालाचंही आवर्तन सोळाचं, चार-चारच्या चार विभागांचं. म्हणून बार म्हणजे विभाग असं सुरुवातीला मानता येतं. पण त्रितालाला सम आहे, खाली आहे, सोळानंतर परत समेवर येण्याची ओढ आहे. बारला ती नसते. प्रत्येक बारचा पहिला ठोका जरा वजनदार, एवढंच.

सिक्स-एट आणि दादरा मात्र खरे शेजारी: सहा मात्रा, तीन-तीनमध्ये. थ्री-फोर वेगळा, त्यात वजन दर तीन क्रॉचेटनी पडतं. रूपकाच्या सात (तीन-दोन-दोन) आणि झपतालाच्या दहा (दोन-तीन-दोन-तीन) मात्रा सुरुवातीच्या इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाहीत, पण आपल्या कानाला त्या अवघड जात नाहीत.

पहिला बार अर्धवट दिसला तर छपाईची चूक समजू नका. मुखडा समेच्या आधी उचलतो ना, तसं ते आहे. त्याला अपबीट म्हणतात.

मेट्रोनोम किती वर लावू?

नवीन धडा ६० वर, म्हणजे सेकंदाला एक ठोका. जमलं की ६६, ७२ असं वाढवा. अँदान्ते म्हणजे चालीची लय, अलेग्रो जलद, लार्गो संथ. हे इटालियन शब्द, आकडे अंदाजाचे. आपल्या विलंबित ख्यालाला मेट्रोनोम लावायच्या फंदात पडू नका. विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते. तिथे तबल्याचा ठेकाच ऐकायचा.

बोच्या खुणा कोणत्या?

खाली तोंड केलेल्या चौकटीसारखी खूण म्हणजे डाऊन-बो, हात बाहेर. इंग्रजी व्ही सारखी म्हणजे अप-बो. बार बहुतेक वेळा डाऊन-बोने सुरू होतो, कारण हाताचं वजन तिथे आपोआप पडतं. दोन-तीन स्वरांवर कमान असेल तर ते सगळे एकाच बोमध्ये: स्लर. मात्र कमान एकाच उंचीच्या दोन स्वरांना जोडत असेल तर तो ‘टाय’, दुसरा स्वर वेगळा वाजवायचाच नाही. स्वराच्या डोक्यावर किंवा खाली टिंब म्हणजे स्टॅकाटो, तुटक. (बाजूला टिंब म्हणजे लांबी वाढते. दोन टिंबांची गल्लत करू नका.) पिझ्झिकातो म्हणजे बोटाने तार छेडणे, आर्को म्हणजे परत बो.

व्हायब्रॅटो म्हणजेच गमक ना? आणि स्लाईड म्हणजे मींड?

नाही. व्हायब्रॅटोत बोट एकाच जागी टेकून मागे-पुढे डोलतं, स्वर तोच राहतो, फक्त थरथरतो. गमकेत स्वरांवर जोरदार आंदोलन असतं आणि शेजारचे स्वर त्यात ओढले जातात. मींड दोन स्वरांमधला अखंड प्रवास आहे, आणि वाटेतले स्वर किती दाखवायचे ते राग ठरवतो. पाश्चात्य स्लाईड बहुतेक वेळा पोझिशन बदलताना लागलेला शिंतोडा असतो.

हे ऐकायचं असेल तर गजाननराव जोशी, वि. गो. जोग किंवा दा. के. दातार यांचं वादन लावा आणि डोळे मिटा. गायकी अंग कशाला म्हणतात ते कळेल. मराठी गाण्यांसाठी प्रभाकर जोग. शब्द नसतानाही शब्द ऐकू येतात, कारण बो तिथेच वळतो जिथे गायक अक्षर उच्चारतो.

कागदावर ‘पियानो’ लिहिलंय. आमच्याकडे पियानो नाही.

नसू दे. इथे त्याचा अर्थ हळू आवाजात. फोर्ते म्हणजे मोठ्याने, क्रेशेंडो म्हणजे हळूहळू वाढवत. व्हायोलिनवर ते बोचा वेग, दाब आणि ब्रिजपासूनचं अंतर या तिन्हींतून येतं. नुसतं दाबलं की कर्कश होतं.

परीक्षा कुठली द्यावी?

सरगम आणि राग आवडत असतील तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढे. स्टाफ वाचायचा असेल तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळांची, ग्रेड १ ते ८. पहिल्या वर्षी दोन्ही एकदम नको.

रंगीत पट्टी काढल्यावर बोट बरोबर पडलंय हे घरी कसं कळणार? सर तर आठवड्यातून एकदाच भेटतात.

व्हायोलिनलाच विचारा. जी-डी-ए-ई नीट लावलेलं असेल तर डी तारेवर तिसरं बोट ठेवा, म्हणजे जी. हा मोकळ्या जी तारेच्या बरोबर एक सप्तक वर आहे. स्वर अचूक असेल तर जी तारेला हात न लावताही ती थरथरते, तिचा काठ धूसर दिसतो आणि आवाज एकदम भरदार होतो. मिलिमीटरभर चुकलात की तार गप्प आणि आवाज सुका. ए तारेवर तिसरं बोट डी ला जागवतं, ई तारेवरचं ए ला. डी तारेवरचं पहिलं बोट म्हणजे ई, ते वरच्या ई तारेला.

क्लासमध्ये मी लहान मुलांना हे कागदाने दाखवतो. बसच्या तिकिटाचा छोटा कपटा मधून दुमडायचा आणि जी तारेवर घोड्यावर बसवल्यासारखा ठेवायचा, ब्रिजपासून साधारण ८ सेंटिमीटरवर. तारेच्या बरोबर मध्यावर नको, तिथे या सप्तकात तार हलत नाही. व्हायोलिन मांडीवर आडवं धरून डी तारेवर तिसरं बोट, आणि सावकाश बो. बोट चुकीच्या जागी असलं तर कपटा ढिम्म बसून राहतो. मग मूल बोट कणभर पुढे घेतं, कणभर मागे, जीभ बाहेर काढून, आणि कधीतरी कपटा थरथरायला लागतो आणि टुणकन खाली पडतो.